बॅकअप परत आला, पण कॉम्प्युटर सुरू होईना: विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हचं परीक्षण

विंडोजची इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह म्हणजे नवीन विंडोज टाकायची वस्तू, असंच मी इतकी वर्षं समजत होते. गेल्या महिन्यात मी तिच्यावरून नवीन विंडोज टाकलं नाही, जुनंच जसंच्या तसं उठवलं. म्हणून हे परीक्षण लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते: बॅकअप घेणाऱ्या प्रत्येकाच्या खणात ही पेनड्राइव्ह असायला हवी, आणि ती बॅकअपच्या प्रोग्रॅमने बनवून दिलेल्या ‘रेस्क्यू’ पेनड्राइव्हखेरीज वेगळी असायला हवी.

मी भाषांतरं करते. अकरा वर्षांच्या कामाची टीएम, म्हणजे आधी केलेल्या वाक्यांचा साठा, आणि माझे स्वतःचे शब्दसंग्रह या एकाच कॉम्प्युटरवर आहेत. त्यामुळे बॅकअपच्या बाबतीत मी कधी आळस केला नाही. रोज रात्री सी ड्राइव्हची अख्खी इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, बाहेरच्या डिस्कवर जाते. एसएसडीच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डिस्कच्या, आरोग्य-अहवालात खराब झालेल्या सेक्टरांचा, म्हणजे तिच्यावरच्या छोट्या कप्प्यांचा, आकडा दर आठवड्याला वाढायला लागला, तेव्हा मी घाबरले नाही. नवीन एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकारची, एसएसडी आणली, जुनी काढून ठेवली, रेस्क्यू पेनड्राइव्ह लावली आणि इमेज रिस्टोअर करायला घेतली. पावणेदोन तासांनी हिरवी खूण आली: रिस्टोअर यशस्वी.

कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती, बूट करता येईल, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर सुरू होईल, असं उपकरण सापडलं नाही.

बॅकअपच्या त्या प्रोग्रॅमचं नाव मी इथे घेत नाही. त्यात ‘बूट दुरुस्ती’ असा एक पर्याय होता. तो चालवला, पुन्हा हिरवी खूण आली, पुन्हा तोच काळा पडदा. तीनदा केलं. तिसऱ्यांदा मात्र पोटात गोळा आला. सगळी माहिती त्या डिस्कवर आहे हे मला ठाऊक होतं, पण तिथपर्यंत जायचं कसं हे कळत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम द्यायचं होतं.

धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, त्या प्रोग्रॅमचा नाद आता सोड. माझ्या लॅपटॉपवर विंडोजची पेनड्राइव्ह बनवून घेऊन येतो. आणि मी येईपर्यंत कशावरही ‘फॉरमॅट’ म्हणू नकोस.”

पेनड्राइव्ह बनवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवायचं, किमान ८ जीबीची पेनड्राइव्ह लावायची आणि थांबायचं. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं, म्हणून रिकामी घ्या. खरी गोम अशी की ती बनवायला चालू स्थितीतला कॉम्प्युटर लागतो. मला भाऊ होता. ज्यांच्या घरात एकच कॉम्प्युटर आहे त्यांनी तो धडधाकट असतानाच हे काम उरकलेलं बरं.

पेनड्राइव्ह लावल्यावर पहिला धडा बूट मेनूमध्येच मिळाला. सुरू होताना एफ१२, एफ११, एफ८ किंवा एस्केप यांपैकी एखादं बटण दाबलं की हा मेनू येतो. कोणतं बटण ते कॉम्प्युटरच्या कंपनीवर अवलंबून असतं. मेनूत माझी एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसत होती. एका नावामागे ‘यूईएफआय’ लिहिलेलं, दुसरं नुसतंच नाव. भावाने विचारलं, “रेस्क्यू पेनड्राइव्ह लावलीस तेव्हा यातलं कुठलं निवडलंस?” मला आठवेना. नुसत्या नावाची ओळ वरती होती, बहुधा तीच दाबली असेन.

सगळं दुखणं तिथेच होतं. कॉम्प्युटर सुरू होण्याच्या दोन रीती आहेत. जुनी बायोसची, जिला मेनूत ‘लेगसी’ म्हणतात, आणि नवी यूईएफआय. जुन्या रीतीत डिस्कची मांडणी, म्हणजे तिचे विभाग कसे पाडलेत याची नोंद, एमबीआर पद्धतीची असते आणि डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये सुरुवातीचा कोड बसतो. नव्या रीतीत मांडणी जीपीटी असते आणि डिस्कवर ईएफआय नावाचा एक छोटा, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला विभाग असतो. विंडोज सहसा तो १०० एमबीचा बनवतं. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, म्हणून एरवी तो आपल्या नजरेला पडत नाही. विंडोज उठवणाऱ्या फाइली सी ड्राइव्हमध्ये नसतात, या छोट्या विभागात असतात.

माझा कॉम्प्युटर पहिल्यापासून यूईएफआयने चालत होता. पण रोजच्या बॅकअपमध्ये मी टिचकी फक्त सी ड्राइव्हवर केली होती. नावात ‘सिस्टीम’ असलेला १०० एमबीचा तुकडा मी कधीतरी अनावश्यक समजून सोडून दिला होता. शिवाय रेस्क्यू पेनड्राइव्ह लेगसी रीतीने सुरू झाली, म्हणून त्या प्रोग्रॅमने कोऱ्या डिस्कची मांडणी एमबीआर केली. त्याची ‘बूट दुरुस्ती’ही लेगसीसाठीच झाली. बहुतेक मदरबोर्ड एनव्हीएमई डिस्कवरून फक्त यूईएफआयनेच सुरू होतात. म्हणजे प्रोग्रॅमच्या दृष्टीने काम चोख झालं होतं आणि माझ्या मदरबोर्डच्या दृष्टीने ती डिस्क सुरू करण्याजोगीच नव्हती. मला त्या हिरव्या खुणेचा राग आहे तो यासाठी. ‘माहिती परत ठेवली’ आणि ‘कॉम्प्युटर सुरू होईल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ती खूण दोन्हींसाठी एकच होती.

हे सगळं आम्हाला कळलं ते इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हमुळे. पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबायचं. काळी कमांड प्रॉम्प्टची, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायची, खिडकी उघडते. ‘रिपेअर’च्या वाटेनेही तिथे जाता येतं, पण तो पर्याय आवृत्तीनुसार वेगवेगळ्या जागी असतो, आणि शेजारीच ‘इन्स्टॉल’ असतं. घाबरलेल्या माणसाचा हात तिकडे जाऊ शकतो, म्हणून मला शिफ्ट-एफ१० जास्त सुरक्षित वाटतं.

“डिस्कपार्ट लिही, मग लिस्ट डिस्क दे,” भाऊ म्हणाला. “शेवटच्या रकान्यात, जीपीटीखाली, चांदणी आहे का बघ.”

डिस्कपार्ट हे डिस्कचे विभाग पाहायचं आणि बदलायचं साधन, आणि चांदणी ही डिस्क जीपीटी असल्याची खूण. ती नव्हती. एका दृष्टिक्षेपात निदान झालं. आदल्या रात्री तीन तास मी ज्यावर घालवले ते या एका रकान्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

आता पुढे दोन वाटा होत्या. विंडोजमध्ये एमबीआर२जीपीटी नावाचं साधन २०१७ पासून आहे. ते डिस्कवरची माहिती न पुसता मांडणी बदलतं. पण त्याच्या अटी आहेत: प्राथमिक विभाग तीनपेक्षा जास्त नकोत, त्यातला एक ‘अॅक्टिव्ह’ हवा, बूटची नोंद नीट हवी. आमच्या डिस्कवर त्या प्रोग्रॅमने नेमकं काय लिहून ठेवलंय याची खात्री नव्हती. इमेज बाहेरच्या डिस्कवर सुखरूप होती. म्हणून नवी डिस्क पुसून, मांडणी स्वतःच्या हाताने करून, पुन्हा रिस्टोअर करायचं असं ठरवलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. डिस्कपार्टमधली ‘क्लीन’ ही कमांड काहीही विचारत नाही. ‘नक्की का?’ असा प्रश्न येत नाही. निवडलेल्या डिस्कची मांडणी त्या क्षणी जाते. समोर डिस्क ०, डिस्क १, डिस्क २ एवढेच आकडे दिसतात, आणि हे आकडे दर वेळी तेच राहतील असं नाही. म्हणून एंटर दाबण्याआधी मी उठले आणि बाहेरच्या डिस्कची केबल काढून ती दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली. जुनी एसएसडी आधीच बाहेर होती. मग यादीत पेनड्राइव्ह आणि नवी डिस्क एवढंच उरलं, आणि दोघींचे आकार इतके वेगळे की चूक व्हायला जागाच राहिली नाही. जिच्यावर बॅकअप आहे ती डिस्क त्या क्षणी कॉम्प्युटरला जोडलेलीच नसावी. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा.

पुढचा क्रम सरळ होता. सिलेक्ट डिस्क आणि तिचा आकडा. क्लीन. कन्व्हर्ट जीपीटी. मग ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय’, आकार २६० एमबी दिला, आणि तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला. मग ‘क्रिएट पार्टिशन एमएसआर’, आकार १६ एमबी. हा विभाग विंडोज स्वतःसाठी राखून ठेवतं, त्यात आपलं काही नसतं. पुन्हा लिस्ट डिस्क दिली. चांदणी आली होती.

त्यानंतर रेस्क्यू पेनड्राइव्ह, या वेळी बूट मेनूतून नावामागे यूईएफआय असलेली ओळ निवडून. बाहेरची डिस्क परत जोडली, सी ड्राइव्हची इमेज उरलेल्या जागेत रिस्टोअर केली. पुन्हा पावणेदोन तास. या वेळात मी भावाच्या लॅपटॉपवर बसून संध्याकाळी द्यायच्या कामाची सहा पानं केली, टीएमशिवाय. आपला जुना शब्द शोधायला गेलं की तो सापडत नाही, हा त्रास हे काम करणाऱ्यालाच कळेल.

रिस्टोअर झाल्यावर पुन्हा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह, पुन्हा काळी खिडकी. आता ज्या कमांडसाठी मी या पेनड्राइव्हला एवढं मानते ती: बीसीडीबूट. ती तुमच्या डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरमधूनच बूटच्या फाइली घेते, ईएफआय विभागात ठेवते आणि बीसीडी, म्हणजे कुठलं विंडोज कुठून उठवायचं याची नोंदवही, नव्याने तयार करते. आधी डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ देऊन ईएफआय विभागाला ‘असाइन लेटर’ने एस हे अक्षर दिलं. नंतर डिस्कपार्टमधून बाहेर पडून कमांड लिहिली, ती अक्षरशः वाचली तर अशी: बीसीडीबूट, जागा सोडून सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, मग स्लॅश एस आणि एस कोलन, मग स्लॅश एफ आणि यूईएफआय.

पण यात एक चकवा आहे. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर ड्राइव्हची अक्षरं रोजच्यासारखी असतीलच असं नाही. आमच्याकडे रोजची सी तिथे डी झाली होती. म्हणून आधी ‘डीआयआर डी कोलन’ देऊन विंडोजचं फोल्डर तिथे आहे ना हे पाहिलं आणि कमांडमध्ये सीच्या जागी डी लिहिलं. बूटच्या फाइली तयार झाल्या, असं एका ओळीचं उत्तर आलं. दोन सेकंदही लागले नाहीत.

शोधायला गेलात तर अशा अडचणीवर बूटरेक आणि त्यापुढे फिक्स-एमबीआर, फिक्स-बूट या कमांड देण्याचा सल्ला जागोजागी मिळेल. मीही आदल्या रात्री त्या लिहून घेतल्या होत्या. फिक्स-एमबीआर जुन्या रीतीचा पहिला सेक्टर लिहितं; यूईएफआयने सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरला त्याने काही फरक पडत नाही. स्टार्टअप रिपेअर हे आपोआप दुरुस्तीचं साधनही पेनड्राइव्हवर आहे. बूटच्या फाइली बिघडल्या असतील तर ते आधी चालवून पाहायला हरकत नाही, पण ईएफआय विभागच नसेल आणि मांडणीच चुकीची असेल तर ती आधी हाताने करावी लागते. म्हणून मी म्हणते, आधी ती चांदणी बघा, मग कमांड निवडा.

रिस्टार्ट केलं. विंडोजचं चिन्ह आलं, ठिपके फिरायला लागले, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पडदा निळा झाला. खाली लिहिलं होतं, इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस.

भावाला मात्र हायसं वाटलं. “ताई, हे चांगलं लक्षण आहे. आधी विंडोज सापडतच नव्हतं. आता ते सापडलंय, सुरूही झालंय, फक्त आपलीच डिस्क त्याला वाचता येत नाहीये.” जुनी डिस्क साटा या जुन्या जोडणीची होती, नवी एनव्हीएमई. एनव्हीएमईचा ड्रायव्हर, म्हणजे ती डिस्क वाचायला लागणारा छोटा प्रोग्रॅम, विंडोजमध्ये असतोच, पण या विंडोजला सुरू होताना त्याची कधी गरजच पडली नव्हती, म्हणून सुरुवातीलाच घ्यायच्या ड्रायव्हरांमध्ये तो नव्हता. सेफ मोडमध्ये, म्हणजे अडचणीच्या वेळी मोजक्याच गोष्टींनिशी सुरू होताना, विंडोज असे मूलभूत ड्रायव्हर सगळेच घेतं, आणि एकदा तसं सुरू झालं की पुढे नेहमीच्या सुरुवातीतही हा ड्रायव्हर घेतला जातो. ज्यांच्याकडे बायोसच्या सेटिंगमध्ये डिस्कचा प्रकार एएचसीआयवरून रेडवर (आरएआयडी, अनेक डिस्क एकत्र चालवण्याचा प्रकार) किंवा उलटा बदलला गेलाय त्यांनाही हाच निळा पडदा दिसतो. मदरबोर्डची बॅटरी संपून सेटिंग मूळपदावर गेलं तरी हे होऊ शकतं. त्यांनी आधी ते सेटिंग पूर्ववत करून पाहावं.

सेफ मोड लावायलाही तीच पेनड्राइव्ह कामी आली. बीसीडीएडिट या कमांडने ईएफआय विभागातल्या नोंदवहीत ‘सेफबूट मिनिमल’ अशी नोंद केली. पेनड्राइव्हवरून काम करताना नोंदवहीचा पूर्ण पत्ता स्लॅश स्टोअर लिहून द्यावा, म्हणजे नोंद भलत्याच ठिकाणी जात नाही. रिस्टार्ट केल्यावर चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ लिहिलेला काळा डेस्कटॉप आला. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड लक्षात हवा. मी तो शोधायला वही काढली. आत गेल्यावर सिस्टीम कॉन्फिगरेशनमधली सेफ बूटची टिचकी काढली आणि पुन्हा रिस्टार्ट केलं.

माझा डेस्कटॉप. माझी आयकॉन्स, तीच वेडीवाकडी रांग. टीएम उघडली, पहिल्या वर्षीचं एक वाक्य शोधलं, सापडलं. विंडोजचं लायसन्सही पुन्हा मागितलं नाही, कारण डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही.

आता वस्तूबद्दल. ही पेनड्राइव्ह नवख्याला एकट्याने वापरायला सोपी आहे असं मी म्हणणार नाही. काळ्या खिडकीत काय लिहायचं हे आधी माहीत असावं लागतं, आणि कमांड इंग्रजी अक्षरांतच, एकेक जागा सांभाळून लिहाव्या लागतात. पण तिच्यासमोर बसल्यावर कॉम्प्युटरची खरी स्थिती दिसते, जी रेस्क्यू पेनड्राइव्हच्या गोड पडद्यांमागे मला दिसत नव्हती. आवृत्तीचीही फार काळजी नको: बीसीडीबूट फाइली तुमच्याच विंडोजमधून घेते, म्हणून पेनड्राइव्ह तुमच्या विंडोजच्या बरोबरीची किंवा नवी असली की पुरे. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, बंद असेल तर मात्र या खिडकीतून आत शिरायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती त्याच डिस्कवरच्या फाइलमध्ये ठेवून उपयोग नाही, कागदावर हवी. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो मदतीला माणूस लागला म्हणून.

त्यानंतर मी बॅकअपची टिचकी बदलली. आता डिस्कवरचे सगळे विभाग जातात, तो ईएफआयचा तुकडा जिच्या पोटात असतो ती अख्खी डिस्क. रिकव्हरी विभाग माझ्या जुन्या इमेजमध्ये नव्हता, त्यामुळे ‘रीएजंटसी स्लॅश इन्फो’ दिलं की विंडोजचं स्वतःचं दुरुस्तीचं वातावरण बंद असल्याचं दिसतं. ते नीट करायचं काम अजून बाकी आहे. तोवर पेनड्राइव्ह टेबलाच्या वरच्याच खणात आहे, तिला चिठ्ठी चिकटवली आहे, आणि चिठ्ठीवर भावाच्या अक्षरात तीन ओळी आहेत: यूईएफआयची ओळ निवड. चांदणी बघ. बाहेरची डिस्क काढ.